शेकडो चांगले फीडबॅक असलेल्या माणसाला आधी पैसे पाठवावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: क्रिप्टोच्या एका ग्रुपमध्ये चार वर्षं जुनं खातं असलेला एक सदस्य आहे. त्याच्या नावावर दोनशेच्या वर चांगले फीडबॅक आहेत आणि अ‍ॅडमिनही त्याला ओळखतात. त्याच्याकडून तुम्हाला ३,००० यूएसडीटीचे (डॉलरच्या भावाशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्याचे) बिटकॉइन घ्यायचे आहेत. तो म्हणतो, 'तुम्ही नवीन, मी जुना, तेव्हा आधी तुम्ही पाठवा. भरवसा नसेल तर माझ्या ओळखीचा एस्क्रो आहे.' (एस्क्रो म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत.) त्याच्यावर विश्वास ठेवावा का आणि स्वतःची पत कशी तयार करावी, हे तुम्हाला हवं आहे.

आधी एक गोष्ट त्याच्या बाजूने. नवीन माणसाने आधी पाठवायचं हा रिवाज जुना आहे. केवळ तेवढ्यावरून त्याच्याबद्दल संशय घेऊ नका. पण 'हा माणूस विश्वासू आहे का' या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर मिळू शकतं ते दोन वेगळ्या प्रश्नांना: आज, एवढ्या रकमेसाठी, फसवणं त्याला परवडेल का? आणि तुमच्याशी आत्ता बोलतोय तो खरंच तोच जुना माणूस आहे का? पहिल्याचं उत्तर रकमेवर आणि वेळेवर अवलंबून आहे, दुसऱ्याचं फक्त सहीवर, म्हणजे ज्याच्याकडे गुप्त की आहे त्यालाच करता येते अशा डिजिटल सहीवर.

पत म्हणजे फसवल्यावर माणूस जे गमावेल ते. समजा तो महिन्याला ५०० यूएसडीटीचे वीस व्यवहार करतो आणि प्रत्येकावर एक टक्का सुटतो. म्हणजे हे खातं त्याला महिन्याला १०० यूएसडीटी देतं. तुमचे ३,००० घेऊन तो गायब झाला तर अडीच वर्षांची कमाई एका दिवसात हाती येते. तरीही बहुतेक लोक असं करत नाहीत, कारण चाललेला धंदा कोणी उगाच बुडवत नाही. पण त्याच आठवड्यात त्याने तुमच्यासारख्या दहा जणांना 'आधी पाठवा' म्हटलं असेल, तर त्याच्या हातात एका वेळी ३०,००० आहेत आणि हिशेब पार बदलतो. जुन्या खात्याने हातावर तुरी देण्याचे प्रकार बहुधा असेच घडतात: अचानक बाजारापेक्षा चांगला भाव, एकाच वेळी अनेक व्यवहार आणि 'आजच करू, उद्या भाव मिळणार नाही' ही घाई. म्हणून ग्रुपमध्ये शोधा, सध्या आणखी किती जणांचे पैसे त्याच्याकडे अडकलेत. दोनशे फीडबॅकांपेक्षा ही माहिती जास्त मोलाची आहे.

आता फीडबॅक. आकडा पाहू नका, चार गोष्टी पाहा.

पहिली, रक्कम. दोनशे व्यवहार वीस-वीस यूएसडीटीचे असतील तर ते वीस यूएसडीटीपुरतेच बोलतात. छोटे व्यवहार चोख करून मोठा हात मारणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं, आणि हे काम धीराने करणारे लोक आहेत. त्याने आजवर एका वेळी केलेला सगळ्यात मोठा, पडताळता येणारा व्यवहार केवढा होता ते बघा. तुमची रक्कम त्याच्या दुपटीहून जास्त असेल, तर त्याची जुनी पत तुमच्या व्यवहाराला पुरत नाही, एवढं धरून चाला.

दुसरी, आणि लोक हीच विसरतात: त्या व्यवहारात जोखीम कोणाची होती? ज्याने आधी पाठवून नंतर माल मिळवला, त्याच्या शेऱ्याला वजन आहे. जिथे या सदस्यानेच आधी पाठवलं होतं, तिथे समोरच्याने लिहिलेलं 'उत्तम व्यवहार' त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल काहीच सांगत नाही. त्याला फसवायची संधीच नव्हती.

तिसरी, शेरे देणारे कोण? पाच-सहा शेरे निवडा आणि ती खाती उघडून बघा. सगळी एकाच महिन्यातली, एकमेकांनाच शेरे देणारी, बाकी कुठे न बोलणारी असतील तर ते एकाच माणसाचं गोकुळ असू शकतं. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या काळात बिटकॉइन-ओटीसी या चॅटवरच्या बाजारात उणे १० ते अधिक १० असं मानांकन होतं. पण तिथे जाणकार लोक एकूण बेरीज बघत नसत. माझा ज्यांच्यावर भरवसा आहे, त्यांनी याला काय दिलंय, एवढंच बघत. तुम्हीही तेच करा. तुमच्या ओळखीच्या एकाचा शेरा अनोळखी पन्नासांपेक्षा बरा.

चौथी, खंड. खातं चार वर्षं जुनं आहे, पण मधे वर्षभर गप्प होतं का? परत आल्यावर लिहिण्याची ढब, जागं असण्याच्या वेळा, पैसे घेण्याचा पत्ता, हे सगळं बदललंय का? जुनी खाती विकली जातात आणि चोरलीही जातात. बिटकॉइनटॉक या जुन्या चर्चामंचावर पूर्वी लिहिण्याच्या सातत्यावर आणि काळावर हुद्दा वाढायचा, त्यामुळे खाती वाढवून विकण्याचा धंदाच झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये तिथे 'मेरिट' आलं, म्हणजे इतर सदस्यांनी दिलेल्या गुणांशिवाय हुद्दा वाढेनासा झाला. त्यानेही खातेविक्री पूर्ण थांबली नाही.

वेळेवर पैसे देणं हा स्वतःमध्ये पुरावा नाही, हे याच समाजाने फार महाग शिकून घेतलंय. २०११-१२ मध्ये पायरेटअ‍ॅट४० या टोपणनावाने वावरणारा ट्रेंडन शेव्हर्स 'बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट' नावाने ठेवी घेत होता. आठवड्याला सात टक्क्यांपर्यंत व्याज. शंका काढणाऱ्यांशी भांडायला व्याज मिळालेले लोकच पुढे असत, कारण त्यांचा अनुभव खराच चांगला होता. फक्त ते व्याज नव्या ठेवीदारांच्या पैशातून येत होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये सगळं कोसळलं. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१३ मध्ये खटला भरला तेव्हा गोळा केलेल्या ठेवींचा आकडा किमान सात लाख बिटकॉइन असा दिला. २०१६ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या काळातला प्रत्येक चांगला शेरा खरा होता आणि तरीही निरुपयोगी होता.

चेहरा आणि खरं नाव माहीत असणं याचंही तेच. एफटीएक्स या क्रिप्टो एक्सचेंजच्या सॅम बँकमन-फ्रीडचा चेहरा सगळ्या जगाला माहीत होता; नोव्हेंबर २०२२ मध्ये एक्सचेंज बुडलं तेव्हा ग्राहकांना त्याचा काही उपयोग झाला नाही. उलट बाजूने, टोपणनावामागे काय असू शकतं तेही बघा. वंडरलँड या क्रिप्टो प्रकल्पाचा खजिना सांभाळणारा 'सिफू' हा बुडालेल्या क्वाड्रिगासीएक्स एक्सचेंजचा सहसंस्थापक मायकल पॅट्रिन आहे, हे जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं. टोपणनाव वापरणं वाईट नाही, या क्षेत्राची सुरुवातच एका टोपणनावाने झाली. पण टोपणनावाची पत त्या नावाच्या जन्मापासूनच मोजायची, त्याआधीचं काही गृहीत धरायचं नाही.

आता दुसरा प्रश्न: हा तोच आहे का? इथे गप्पा उपयोगाच्या नाहीत, सही लागते. त्याने पूर्वी, म्हणजे निदान वर्षभर आधी, कुठे जाहीर केलेला बिटकॉइन पत्ता किंवा पीजीपी की (सही तपासायला वापरतात ती सार्वजनिक की) शोधा. 'ही घ्या माझी की' असं त्याने आज पाठवलेलं चालणार नाही. जुन्या पोस्टमधली, नंतर न बदललेली हवी. मग त्या पत्त्याच्या किंवा कीच्या जोडीच्या गुप्त कीने एका नव्या मजकुरावर सही मागा. मजकुरात आजची तारीख, तुमचं ग्रुपवरचं नाव, रक्कम, आणि तुम्ही ज्या पत्त्यावर यूएसडीटी पाठवणार तो पूर्ण पत्ता असावा.

पत्ता का? कारण मधे कोणी तोतया बसला असेल तर तो तुमची विनंती खऱ्या माणसाकडे पोचवून त्याची सही आणून देऊ शकतो. सहीच्या मजकुरातच तुमचं नाव आणि पैसे घेण्याचा पत्ता असला, की ही युक्ती चालत नाही. आणि मजकूर नवा का? क्रेग राइटने २०१६ मध्ये आपणच बिटकॉइनचा टोपणनावी निर्माता सातोशी असल्याचा 'पुरावा' म्हणून दिलेली सही २००९ च्या एका जुन्या व्यवहारातून उचललेली निघाली. ती कोणालाही ब्लॉकचेनवरून घेता आली असती. याच्या उलट उदाहरण मे २०२० मधलं. त्याने आपले म्हणून न्यायालयात सांगितलेल्या पत्त्यांपैकी १४५ पत्त्यांच्या कींनी 'हा माणूस खोटारडा आहे' अशा मजकुरावर कोणीतरी सही करून दाखवली. की ज्याच्याकडे, बोलणं त्याचं.

करताना अडचणी येतात त्या अशा. बिटकॉइन कोअर या वॉलेटची संदेशावर सही करण्याची सोय फक्त १ ने सुरू होणाऱ्या जुन्या पत्त्यांना चालते. बीसी१ ने सुरू होणाऱ्या पत्त्याची सही एका वॉलेटमध्ये बरोबर आणि दुसऱ्यात चूक दिसू शकते, तेव्हा लगेच 'खोटारडा' म्हणू नका. त्याने ज्या वॉलेटमध्ये सही केली त्यातच तपासा; इलेक्ट्रम वॉलेटमध्ये ही सोय टूल्सच्या मेनूत आहे. मजकुरातली एक जागा किंवा शेवटची रिकामी ओळ बदलली तरी सही जुळत नाही. पीजीपी असेल तर कीचा ४० अक्षरी पूर्ण ठसा (फिंगरप्रिंट) जुळवा. शेवटची आठ अक्षरं सारखी असलेली दुसरी की कोणीही साध्या संगणकावर बनवू शकतो.

आणि एक सावधगिरी उलट्या दिशेची. तो तुम्हाला 'ओळख पटवायला' एखाद्या वेबसाइटवर वॉलेट जोडून सही करायला सांगत असेल तर नाही म्हणा. इथेरियमसारख्या साखळ्यांवर काही सह्या म्हणजे टोकन काढून घेण्याची परवानगीच असते. तुम्ही व्यवहार पाठवत नाही, शुल्क लागत नाही, आणि नंतर वॉलेट रिकामं होतं. साधा वाचता येणारा मजकूर असेल तरच सही करायची.

'अ‍ॅडमिन त्याला ओळखतात' हे अ‍ॅडमिनला तुम्ही स्वतः, ग्रुपच्या सदस्ययादीतून त्याचं खातं उघडून विचारा. तुम्हाला आपणहून निरोप पाठवणारा अ‍ॅडमिन नव्वद टक्के तोतया समजा. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली नावं मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाहीत. ओळखतात म्हणजे नेमकं काय, हेही विचारा: व्यवहार केलेत, की नुसत्या गप्पा?

सही जुळली, फीडबॅक ठीक वाटले, तरी ३,००० एकदम पाठवू नका. 'आधी ५० पाठवून बघा' या नेहमीच्या सल्ल्याने फक्त पत्ता बरोबर असल्याचं कळतं, माणूस नाही. आणि हप्ते वाढत जाणारे असतील, म्हणजे आधी १००, मग ४००, मग उरलेले २,५००, तर तुम्ही त्याला शेवटच्या हप्त्यावर पळून जायचं आमंत्रणच देताय. हप्ते सारखे ठेवा: ५०० चे सहा. एका वेळी जास्तीत जास्त ५०० बुडू शकतात. पहिला तुम्ही आधी पाठवा, दुसरा त्याने, तिसरा तुम्ही, असं आलटून पालटून. किती मोठा हप्ता, हे तुम्हाला किती बुडालेलं चालेल त्यावर ठरवा. नेटवर्क शुल्क चढं असेल तर सहा वेळा बिटकॉइन पाठवणं महाग पडतं. मग दिवस बदला किंवा हप्ते चार करा.

दर हप्त्याला बिटकॉइन आल्याचं तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये बघा, त्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. कन्फर्मेशन नसलेला, म्हणजे अजून ब्लॉकचेनवर पक्का न नोंदलेला व्यवहार जास्त शुल्क देऊन बदलता येतो, म्हणजे दिसलेले पैसे दुसरीकडे वळवता येतात. ५०० साठी एक कन्फर्मेशन पुरे, मोठ्या रकमेला तीन. एकाला सरासरी दहा मिनिटं लागतात, कधी तास लागतो. तेवढ्यात 'पुढचा हप्ता सोडा' असा तगादा लागला तर थांबा. यूएसडीटी कोणत्या नेटवर्कवर (कोणत्या ब्लॉकचेनवरून) पाठवायचे हे आधी लिहून घ्या. आणि पाठवताना पत्ता वॉलेटच्या इतिहासातून उचलू नका. तिथे सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेला बनावट पत्ता मुद्दाम घुसवलेला असू शकतो; मधली सहा-आठ अक्षरंही जुळवा.

एस्क्रोबद्दल माझं मत स्पष्ट आहे: समोरच्याने सुचवलेला एस्क्रो म्हणजे एस्क्रो नव्हे. तो त्याचंच दुसरं खातं असू शकतो. एस्क्रो तुम्ही सुचवा किंवा दोघांनी मिळून निवडा, आणि त्याचीही जुन्या कीवरून वरच्यासारखीच सही घ्या. सगळे पैसे एकट्या एस्क्रोच्या हातात देण्यापेक्षा तीनपैकी दोन सह्यांचं मल्टिसिग बरं, म्हणजे तिघांपैकी कोणत्याही दोघांनी सही केली तरच पैसे निघतील असा पत्ता. तिघांनी आपापली सार्वजनिक की द्यायची, तिघांनी आपापल्या वॉलेटमध्ये, उदाहरणार्थ स्पॅरो किंवा इलेक्ट्रममध्ये, पत्ता तयार करायचा, आणि तिन्ही पत्ते अक्षर न् अक्षर जुळले तरच पुढे जायचं. तयार पत्ता कोणी आयता दिला तर त्यात तुमची की आहे की नाही हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. विक्रेत्याने बिटकॉइन त्यात टाकायचे, तीन कन्फर्मेशननंतर तुम्ही यूएसडीटी पाठवायचे, मग तुम्ही दोघांनी सही करून बिटकॉइन सोडवायचे. भांडण झालं तरच तिसरी सही. तिन्ही सार्वजनिक कींची नोंद जपून ठेवा, कारण त्या हरवल्या तर नुसत्या दोन खाजगी की असूनही पैसे काढणं अवघड होतं. यूएसडीटीसाठी हेच सेफसारख्या कॉन्ट्रॅक्टने, म्हणजे ब्लॉकचेनवरच चालणाऱ्या प्रोग्रामने होतं. तिथे मालक कोण, किती सह्या लागतात आणि एखादं मॉड्यूल (जादा जोडप्रोग्राम) जोडलंय का हे एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) बघा, कारण मॉड्यूल सह्यांना बगल देऊ शकतं.

एवढा खटाटोप नको असेल तर बिस्कसारखी व्यवस्था आहे, जिथे दोन्ही बाजूंची अनामत मल्टिसिगमध्ये अडकते. तिथे पत कमी लागते, कारण फसवणाऱ्याचेही पैसे अडकलेले असतात. ३,००० साठी मी हप्ते किंवा मल्टिसिग, दोन्हीपैकी एकच करीन. दोन्ही एकदम करण्यात अर्थ नाही.

आता तुमची स्वतःची पत. एक की ठरवा आणि तीच वापरा. तिचा पूर्ण ठसा दोन-तीन वेगळ्या ठिकाणी आजच जाहीर करा, कारण किंमत जुन्या तारखेची असते. त्यासाठीचा बिटकॉइन पत्ता वेगळा आणि जवळपास रिकामा ठेवा; बचतीच्या पत्त्याने सही केलीत तर तुमची शिल्लक जगजाहीर होते आणि तुम्ही सावज ठरता. की बदलावी लागली तर जुनीने नवीवर आणि नवीने जुनीवर सही करून दोन्ही जाहीर करा. पीजीपी की रद्द करण्याचं प्रमाणपत्र की बनवतानाच तयार करून संगणकाबाहेर ठेवा.

व्यवहाराआधी अटी लिहून समोरच्याची संमती घ्या: रक्कम, भाव कुठून आणि कोणत्या क्षणी घ्यायचा, नेटवर्क, शुल्क कोणाचं, किती कन्फर्मेशन, उशीर झाला तर काय. निम्मी भांडणं फसवणुकीची नसतात. भाव मधे दोन टक्के हलला आणि कोणाचा भाव धरायचा हे ठरलंच नव्हतं, एवढंच असतं. ती भांडणं तुमच्या नावावर वाईट शेरे लावून जातात. सुरुवातीला छोट्या रकमा आधी तुम्ही पाठवा. उसनी पत घेऊ नका, म्हणजे खातं विकत घेणं किंवा शेऱ्यांची देवाणघेवाण नको. कोणी 'माझ्यासाठी शब्द टाक' म्हटलं तर जेवढा व्यवहार प्रत्यक्ष केलाय तेवढाच सांगा. किती काळ लागेल हे ग्रुपवर आणि तुमच्या उलाढालीवर अवलंबून आहे, पण काही महिन्यांच्या खाली अपेक्षा ठेवू नका.

फसलातच, तर पहिल्या तासात पुरावा जमवा: पूर्ण चॅट निर्यात करा, व्यवहाराचे आयडी उतरवा, आणि टेलिग्रामसारख्या ठिकाणी नाव नाही तर खात्याचा अंकी आयडी नोंदवा, कारण नाव तो लगेच बदलतो. पोलिसांत तक्रार लवकर करा. यूएसडीटी जारी करणारी टेदर कंपनी तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून पत्ता गोठवू शकते, पण पैसे पुढे सरकायच्या आत. त्यानंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा' असे निरोप येतील. तो सगळा दुसऱ्या फेरीचा स्कॅम असतो.

सध्या करायचं असं: त्याला सहीचा मजकूर पाठवा आणि ५०० च्या हप्त्यांची अट घाला. खरा जुना धंदेवाला थोडी कुरकुर करील आणि पाच मिनिटांत सही देईल. 'एवढे फीडबॅक असताना माझ्यावर संशय?' असं म्हणत भावनेत शिरला तर व्यवहार सोडून द्या. आणि व्यवहार नीट पार पडला तर फीडबॅकमध्ये 'छान माणूस' लिहू नका. एकूण रक्कम, हप्ते किती, त्यात तुम्ही आधी पाठवलेले किती, आणि सही कोणत्या कीने जुळली, एवढं लिहा.